भुताच्या सिनेमातला तारपा

गृहपालाचं निम्मं काम याद्यांचं असतं. मुलींची हजेरी, चादरी, बादल्या, कुणाला कोणती गोळी सोसत नाही, सुट्टीत कुणाला न्यायला कोण येणार. जव्हारच्या मुलींच्या वसतिगृहात मी हे काम वीसेक वर्षं करते आहे आणि आता घरातही मला यादीशिवाय सुचत नाही. त्यातली एक यादी मात्र मी सहसा कुणाला दाखवत नाही. ज्या भीतीदायक सिनेमांमध्ये गावाकडची जुनी गाणी आणि वाद्यं आहेत, त्या सिनेमांची ती यादी आहे.

हे सिनेमे साधारण एकाच घडणीचे असतात. कुठलंतरी आडबाजूचं गाव. तिथले लोक अजून झाडाला, दगडाला, धान्याला देव मानतात. शहरातून एक माणूस येतो. कधी मोजणीला, कधी लग्नाला, कधी नुसता वाट चुकून. लोक त्याला जेवू घालतात, गाणी म्हणतात, फेर धरतात आणि शेवटी त्याचा बळी देतात. माझ्या यादीत देश, वाद्य, गाणारे कोण आणि गाणं कशासाठी, असे चार रकाने आहेत. मरतं कोण, हा रकाना ठेवलेला नाही. ते ठरलेलंच असतं.

हा नाद लागला नाशिकला, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी. मैत्रिणीच्या भावाने भाड्याने व्हीसीआर आणला होता आणि कुठल्या तरी परदेशी भुताच्या सिनेमाची कॅसेट. भाषा कुणालाच कळत नव्हती. पडद्यावर डोंगरातलं एक गाव होतं, चिखलाने भरलेल्या पायांच्या बाया होत्या आणि त्यांच्या मधोमध एक म्हातारा काखेत चामड्याची पिशवी दाबून काहीतरी फुंकत होता. त्या पिशवीतून एक सूर निघत होता, न तुटणारा, आणि त्याच्यावर दुसरा, वळसे घेणारा. बाया त्याच्याभोवती फिरत होत्या. मैत्रिणी एकमेकींचे हात घट्ट धरून बसल्या, कारण पुढे काहीतरी वाईट होणार हे त्या सुरावरूनच समजत होतं. मला मात्र रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं, घाबरली.

मी घाबरले नव्हते. मला सूर्यमाळ आठवलं होतं. आमचा पाडा तिथून पुढे, डोंगराच्या अंगावर. नाशिकला जाऊन मला दीड वर्ष झालं होतं आणि तेवढ्या काळात तसा आवाज कुठेच ऐकला नव्हता. टीव्हीवर लोकगीतं लागायची, पण त्यांतल्या बाया एकसारख्या कोऱ्या साड्या नेसून एकसारख्या हसायच्या. ह्या भुताच्या सिनेमातल्या बाया हसत नव्हत्या. काम करताना माणूस जसं गातं तशा गात होत्या, थोड्या बेसूर, श्वास लागलेल्या. पुढे मला कळलं की असल्या सिनेमांकडे मोठा वाद्यवृंद लावायची ऐपत नसे, म्हणून ते त्याच गावातल्या माणसांना उभं करत. त्यामुळे झालं असं की सिनेमा विसरला गेला तरी त्यात कुणाकुणाच्या आज्याची, पणज्याची गाणी राहून गेली. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. त्या आठवड्यात मी वहीत पहिली नोंद केली.

आता मामाचं सांगते. माझा मामा आमच्या पाड्याचा तारपकरी. ज्यांनी तारपा पाहिला नाही त्यांच्यासाठी: वाळलेला लांबट भोपळा, त्याला खालून बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांत बांबूच्याच पातळ जिभा, पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा आणि सगळे सांधे मधाच्या पोळ्याच्या मेणाने बंद केलेले. वाजवणारा तोंडाने फुंकतो आणि त्याच वेळी नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर खंडत नाही. वाजवणारा मध्ये, नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती. त्याने चाल बदलली की पाय बदलतात. तारप्याला पाठ दाखवायची नाही, एवढं लहान मुलांनाही माहीत असतं.

मामाला नऊ चाली येत. मोराची, लग्नाची, बेडकाची, मळणीची, आणखी पाच. इतर पाड्यांत आजही चांगले तारपकरी आहेत, पण बेडकाची चाल आणि तिच्यामागून येणारी जी एक बिननावाची आहे, त्या दोन मी दुसऱ्या कुणाकडे ऐकल्या नाहीत. मामाला मुलगा नाही. जावई ठाण्याला बांधकामावर, त्यांना येतात ती हिंदी गाणी.

साताठ वर्षांपूर्वी मामाला दम लागायला लागला. छाती दाखवायला तो जव्हारला माझ्याकडे येऊन राहायचा. असाच एकदा आला असताना दुपारी मी मुद्दाम तो नाशिकचा सिनेमा लावला. एव्हाना तो मला कॉम्प्युटरवर मिळाला होता. मामा खुर्चीवर पाय वर घेऊन बसला आणि त्याने शेवटपर्यंत पाहिला. (मामा आमच्या घरच्या बोलीत बोलतो. इथे मी ती थोडी शाळेच्या मराठीकडे ओढून लिहिते आहे.)

"ह्यांचा भोपळा चामड्याचा हाय," तो म्हणाला.

"हो."

"काखेत दाबतो. म्हणजे लबाडी करतो. तोंडाला आराम." थोड्या वेळाने म्हणाला, "पण चांगला वाजवतो. जुना माणूस हाय."

शेवटी गावकरी त्या पाहुण्याला शेतात घेऊन गेले आणि जे व्हायचं ते झालं. मी मामाकडे पाहत होते. त्याने कपाळाला आठी घातली.

"मग पाऊस पडला?"

"ते नाही दाखवलं, मामा. सिनेमा संपला."

"अरे! एवढा माणूस मारला न् पाऊस पडला का नाय ते सांगत नाय?" तो खरंच नाराज झाला. "गाणी चांगली हायत. माणसं येडी हायत. आपण कोंबडा देतो, तो पण आपणच खातो."

त्यानंतर कधीही आला की विचारायचा, "तो चामड्याच्या भोपळ्याचा लाव." आम्ही फक्त गाण्यांची दृश्यं पाहायचो. मधल्या किंकाळ्या मी पुढे ढकलायचे.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मला मुंबईहून एकाचा फोन आला. सिनेमात आवाजाचं काम करणारा माणूस, पस्तिशीचा असेल. डोंगरातल्या गावावर एक भीतीचा सिनेमा होणार होता आणि त्याला तारपा रेकॉर्ड करायचा होता. ओळखीच्या एका शिक्षकांनी त्याला माझा नंबर देताना म्हणे सांगितलं होतं, "त्या बाईंकडे सगळं लिहिलेलं असतं." वसतिगृहाला सुट्टी होती. मी त्याला बोलावलं, आल्यावर चहा दिला आणि माझी यादी दाखवली. तो बराच वेळ पानं उलटत राहिला.

"मॅडम, ह्यातले अर्धे मी ऐकलेलेच नाहीत."

"बसा. ऐकवते."

खरं सांगायचं तर मला त्याच्या सिनेमाशी काही घेणंदेणं नव्हतं. मला हवा होता तो त्याचा माईक. मामाचा दम त्या उन्हाळ्यात फारच तुटायला लागला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की फुंकण्याचं काम आता बंद करा. म्हणजे येत्या नव्याला, नवा भात निघाल्यावर, मामा वाजवेल की नाही, सांगता येत नव्हतं. मोबाईलवर मी दोनतीनदा रेकॉर्ड करून पाहिलं होतं, पण त्यात तारपा डासासारखा वाटतो, खालचा सूर येतच नाही. आता चांगला माईक आणि तो वापरणारा जाणता माणूस आठवडाभर जव्हारमध्ये होता. नऊ चाली, एक दिवस. मी लगेच यादी केली: जीप, पाणी, जेवण, माईकसाठी सावली, मामाची औषधं.

फक्त एक गोष्ट माझ्या यादीत नव्हती, आणि ती सांगितली मामाने, मी पाड्यावर त्याला विचारायला गेले तेव्हा.

"आता नाय वाजवाचा."

आमच्या पाड्यात तारपा नवं झाल्यावर वाजतो. म्हणजे भाताच्या पहिल्या लोंब्या देवाला दाखवून नवा तांदूळ खाल्ला की. तिथून शिमग्यापर्यंत. शिमगा झाला की तारपा कापडात गुंडाळून आढ्याला टांगायचा. शेजारच्या पाड्यांचे नियम थोडे निराळे असतील, आमचा हा असा आहे. मला तो माहीत होता, पण मी मनाशी म्हटलं होतं की रेकॉर्डिंगचं काय, ते काही वाजवणं नव्हे. आजारी माणूस समजून घेईल.

"कणसरी झोपली हाय," मामा म्हणाला. कणसरी म्हणजे धान्याची देवी. "आता फुंकला तर ती उठते. उठते न् येते, पण रिकाम्या हातानं. मग पोचट दाणा खा वर्षभर."

"मामा, तुझा दम..."

"दम माझा हाय. कणसरी सगळ्यांची."

मी तशी हार मानणारी बाई नाही. परत येताना जीपमध्येच मला उपाय सुचला. नवं भात पाहिजे ना? दाभोशाला नदीकाठी माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने मोटर लावून थोडं उन्हाळी भात केलं होतं आणि ते नेमकं कापणीला आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे जाऊन लोंब्यांची एक पेंढी घेतली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि संध्याकाळच्या आत सूर्यमाळ गाठलं. इतकी खूश होते की वाटेत जेवायचं विसरले. आवाजवाल्याला फोन करून सांगितलंसुद्धा, "उद्या तयार राहा. तांत्रिक अडचण दूर झाली आहे."

मामाने पेंढी हातात घेतली. चार दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारली, एक दाताखाली धरला.

"भात चांगला हाय. कोणाचा?"

मी सांगितलं.

"मग त्यांना सांग तारपा वाजवा."

मामी ओट्यावर नाचणी पाखडत होती. ती इतकी हसली की सूप खाली ठेवावं लागलं. "गृहपाल बाईनं देवीला फसवाला बाजारातून लोंबी आणली! पावती पण आणली का गं?"

"बाजारातून नाही, शेतातून आणलीय."

"मशिनीच्या पाण्याचा भात," मामा म्हणाला. "ह्यानं पाऊस पाहिलाच नाय. ह्याला नवा कसा म्हणू?" आणि मग माझा चेहरा पाहून, जरा नरमून, "रागावू नको पोरी. आणलास ते चांगला केलास. तुझी मामी रांधेल."

आणि खरंच त्या देवीच्या लोंब्या कांडून मामीने भात रांधला, सोबत अंबाडीची भाजी. मी मुकाट्याने जेवले. वर्षानुवर्षं मुलींना नियमांमधल्या फटी शोधू नका म्हणून सांगणारी मी, आणि माझीच ही तऱ्हा.

जेवून हात धुताना मामा म्हणाला, "सोमवारी आण तुझ्या आवाजवाल्याला."

"कशाला? तू तर वाजवणार नाहीस."

"नाय वाजवाचा. पण उन्हानं मेण सुटलाय. पावसाच्या आधी लावाला लागतो. मेण लावला का बघाला लागतो, वारा गळतो का नाय ते. बघण्याला काय बंदी नाय."

सोमवारी आम्ही गेलो. मी आवाजवाल्याला आधीच बजावलं होतं की मामाला सिनेमाची गोष्ट सांगायची, खरीखरी, काही न लपवता. तो अंगणात उकिडवा बसला आणि त्याने सांगितली. शहरातली एक मुलगी डोंगरातल्या गावात येते. गावात एक मोठं झाड आहे. गावकरी दर काही वर्षांनी त्या झाडाला...

"माणूस देतात," मामा म्हणाला.

"हो, काका."

"झाड खातं?"

आवाजवाला माझ्याकडे बघायला लागला. मी मदत केली नाही.

"नाही, म्हणजे... ते तसं मानतात."

"आम्ही नाय मानत."

"माहितीये काका. हे गाव खोटं आहे. कुठलंच नाही."

"पण तारपा खरा." मामाने विडी शोधायला खिशात हात घातला, मामीकडे पाहिलं आणि काढून घेतला. "वाघदेवाचा नाव नाय घ्यायचा. देव दाखवाचा नाय. गावाचा नाव नाय. मग तुझं तू बघ."

आवाजवाल्याने शब्द दिला आणि, त्याच्या हातात होतं तेवढं, पाळलाही. पण मला त्या दिवशी पहिल्यांदाच चमत्कारिक वाटलं. इतकी वर्षं मी असले सिनेमे आवडीने पाहत आले होते. खुनी गावं दुसऱ्यांची होती तोवर मला त्यात फक्त गाणी ऐकू आली. आता त्या बायांच्या जागी माझी मामी उभी राहणार होती, सूप घेऊन. त्या परदेशी गावातल्या लोकांनी आपला सिनेमा पाहिला असेल का, पाहून त्यांना काय वाटलं असेल, हा विचार मला आधी कधी शिवलाच नव्हता.

मामाने तारपा उतरवला आणि कापड सोडलं. मामीने तव्यावर दोन निखारे आणून दिले. तो मेणाचा गोळा निखाऱ्यावर धरायचा, बोटांनी मळायचा, नळी भोपळ्याला जिथे मिळते तिथे दाबून बसवायचा. मग बांबूची जीभ थुंकीने ओली करायची, नळीत सरकवायची आणि फुंकायचं. पूं. थांबायचं. कान लावून ऐकायचं. पुन्हा मेण. पुन्हा पूं, या वेळी थोडा लांब, आणि मध्येच वारा सुटल्याचा फुस्स आवाज. आवाजवाला कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसला होता. त्याचे हात मांडीवर अगदी स्थिर होते.

असं दोनेक तास चाललं. उन्हाचा ताव होता, पानं वाजत नव्हती. पूं बराच वेळ टिकायला लागला. मग खालच्या सुराला वरच्या नळीची साथ मिळाली. मामाचे गाल फुगले, मान जराशी डावीकडे गेली; चाल धरताना ती जाते तशी.

विहिरीवरून येणाऱ्या तिघी वाटेवर थांबल्या. डोक्यावर हंडे, दोन-दोन. त्यांतल्या पुढच्या बाईचा उजवा पाय मागे गेला, पुढे आला, पुन्हा मागे. तिला पत्ता नव्हता. हंड्यातलं पाणी हललंसुद्धा नाही.

"ए म्हाताऱ्या!" मामी दारातून ओरडली. "बघतोस का वाजवतोस?"

मामाने तोंड काढलं. त्या बाईचा पाय हवेत राहिला आणि मग तिने तो असा काही खाली ठेवला जणू विंचू पाहिला. तिघी हसत निघून गेल्या. मामा हसला नाही. त्याला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना. नंतर तो तारप्याकडे बघत म्हणाला, "बसला मेण." आणि कापडात गुंडाळायला लागला.

आवाजवाल्याने हेडफोन काढले. त्याच्या हातावर काटा आला होता, मला दिसला. "मॅडम, हेच पाहिजे होतं," तो परतीच्या जीपमध्ये म्हणाला. "पूर्ण वाजला असता तर लोकांना वाटलं असतं, वा, नाच आहे. हा सुरू होतो आणि थांबतो. थांबला की माणूस मागे वळून बघतो."

त्याचं काम झालं होतं. माझं नाही. नऊपैकी एकही चाल हाती लागली नव्हती, नुसती गळती हाती लागली होती. मी त्याला तसं स्पष्ट म्हणाले. मोखाड्याला त्याने जीप थांबवून चहा मागवला. मग म्हणाला, "नवं झालं की फोन करा. सिनेमासाठी नाही. मी येईन."

असं बोलणारे पुष्कळ भेटतात. मी त्याचं नाव वहीत लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

पण पावसाळा गेला, लोंब्या पिवळ्या झाल्या, मामीने नवा तांदूळ देवाला दाखवला आणि मी फोन केला, तेव्हा तो दुसऱ्या दिवशी दुपारी जव्हारच्या एसटी स्टँडवर पाठीला पिशवी लावून उभा होता. माईक कुठे ठेवायचा यावर पाड्यात मोठी चर्चा झाली. फेराच्या आत ठेवला तर नाचणाऱ्यांच्या पायात येणार, बाहेर ठेवला तर त्याच्याकडे सगळ्यांची पाठ. शेवटी खळ्याच्या मधल्या खांबाला, मामाच्या डोक्याच्या वर, बांधला. एक म्हातारा म्हणाला, "ह्याचा पण तोंड तारप्याकडे करा, तो पण पाहुणा हाय."

मामा वाजवायला उभा राहिला. मोराची चाल झाली. तो खाली बसला. पाणी प्यायला. मळणीची झाली, अर्ध्यात एकदा सूर खंडला. आयुष्यात पहिल्यांदा मी तो खंडताना ऐकला. नाचणारे थांबले नाहीत, पायांनीच चाल धरून ठेवली आणि मामा परत तिच्यात शिरला. मग तो बराच वेळ बसून राहिला. मामी म्हणाली, पुरे. त्याने मान हलवली आणि उभं राहून बेडकाची घेतली. आणि तिच्यामागून, न थांबता, ती बिननावाची.

नऊपैकी चार. उरलेल्या पाच चालींची माझ्याकडे फक्त नावं आहेत.

फेर मोडल्यावर आवाजवाल्याने मामाच्या कानाला हेडफोन लावले. मामा डोळे बारीक करून ऐकत होता, पहिल्यांदाच स्वतःला बाहेरून ऐकत होता.

"कसा वाजवतो?" मी विचारलं.

"बरा हाय. जरा म्हातारा हाय." मग हेडफोन काढून हातात धरत, अगदी व्यवहाराची गोष्ट बोलावी तसा तो मला म्हणाला, "हे तुझ्याकडे ठेव. पण शिमगा झाला का लावाचा नाय. नव्याला काढ."

"मामा, हे रेकॉर्डिंग आहे. मशीन."

"आवाज माझाच ना?"

मी वाद घातला नाही. पेंढीचा अनुभव ताजा होता. रेकॉर्डिंगच्या तीन प्रती केल्या आणि तीन ठिकाणी ठेवल्या.

माघात मामा गेला. त्याचा तारपा मामीने आढ्याला तसाच टांगलेला आहे. मेण आता कुणी लावत नाही.

सिनेमा आला तो त्यानंतरच्या वैशाखात, मोबाईलवर. मी दुपारी वसतिगृहाच्या रिकाम्या खोलीत बसून एकटीने पाहिला. सिनेमा काही फार चांगला नाही. गावाला नाव नाही, देवाला नाव नाही, गावकरी उगीच डोळे मोठे करून बघतात. मुलगी ऐनाच्या झाडांमधून चालली आहे, आणि पूं. थांबतो. ती थांबते. पुन्हा पूं, जरा लांब, आणि वाऱ्याची फुस्स. ती चालायला लागते. मग एक खोकला येतो. आवाजवाल्याने तो काढून टाकला नव्हता. मुलगी गर्रकन वळते, मागे कुणी नसतं. सिनेमाखाली लोकांनी लिहिलंय की सगळ्यात जास्त भीती त्या खोकल्याची वाटली.

नियम मी पाळते. शिमगा ते नवं, ह्या सहा-सात महिन्यांत चार चालींच्या त्या फाईलला हात लावत नाही. हिशेबी बाईला हे जड जात नाही असं मला वाटलं होतं, जातं. तेवढ्या महिन्यांत मामा मला फक्त त्या भुताच्या सिनेमात ऐकायला मिळतो, कारण तिथे तो वाजवत नाही, नुसता बघतो आहे, आणि बघण्याला बंदी नाही. माझ्या नवऱ्याला हे सांगून झालं आहे, तरी तो दारातून डोकावून म्हणतोच, "पुन्हा त्या मुलीला मारताय का?"

या मे महिन्यात मामी डोळे दाखवायला जव्हारला आली होती. दोन दिवस राहिली. दुसऱ्या दुपारी म्हणाली, "लाव ना गं त्याचा."

"मामी, अजून नवं कुठे झालंय?"

"मग तो झाडाचा लाव."

मी लावला. किंकाळ्यांचा भाग पुढे ढकलला. मामीला पडद्यावरचं नीट दिसत नव्हतं, तिला दिसायला नकोही होतं. खुर्चीत पाय वर घेऊन, तोंडाला पदर लावून ती ऐकत बसली. पूं झालं. "वरच्या नळीतून जातो वारा," ती हळूच म्हणाली. मग शांतता. "आता मेण लावतो." पुन्हा पूं. "हां. बसला आता." मग खोकला आला, मुलगी वळली, आणि मामीने खुर्चीशेजारी भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या नकळत जवळ ओढला.